डाव्या खुराड्याचे थेंब

सह्याद्रीच्या पायथ्याशी धामणवाडी नावाचं एक गाव होतं. त्या गावात माणसांपेक्षा कोंबड्या जास्त होत्या, आणि माणसांपेक्षा कोंबड्यांवरच जास्त जीव असलेली एक बाई होती. तिचं नाव गोजराबाई.

गावाबाहेर कोंबड्यांच्या रोगांवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. केंद्र म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक कपाट आणि जाळीची दोन मोठी खुराडी. वासंती केळुसकर नावाच्या जनावरांच्या डॉक्टर तिथे काम करत. गाव त्यांना डॉक्टरीणबाई म्हणे. गोजराबाई त्यांच्या हाताखाली होती. दाणापाणी करायचं, खुराडी झाडायची, सकाळ-संध्याकाळ पिल्लं मोजायची, हे तिचं काम. ती पिल्लं नावानं मोजायची, त्यामुळे मोजणीला फार वेळ लागायचा.

डॉक्टरीणबाई सात वर्षं एकाच रोगाच्या मागे लागल्या होत्या. त्या रोगाचं नाव मानमोडी. हा रोग झाला की कोंबडी पंख पाडून बसते, हिरवट हगते, तिची मान पिरगळल्यासारखी वाकडी होते आणि चार-पाच दिवसांत ती मरते. एकीला झाला की पंधरवड्यात सगळ्या वाडीतली खुराडी रिकामी होतात. या रोगावर लस नव्हती असं नाही. पण ती बर्फात ठेवावी लागे. डोंगरावरच्या वाड्यांना दीड दिवसाची चाल. बर्फ वाटेतच वितळायचा आणि लस वाया जायची. म्हणून डॉक्टरीणबाईंनी बर्फाशिवाय टिकणारी लस तयार केली होती. ती खरंच काम करते का, एवढंच पाहायचं बाकी होतं.

गोजराबाईचं माहेर त्याच डोंगरावर, पिंपळधार नावाच्या वाडीत होतं. ती आठ वर्षांची असताना एका उन्हाळ्यात तिच्या आईच्या एकोणीस कोंबड्या मानमोडीनं गेल्या. आईनं खड्डा खणून त्या पुरल्या आणि कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून वर बोरीचे काटे टाकले. त्या घरात पुढे वर्षभर अंडं दिसलं नाही. गोजराबाई ते काटे विसरली नव्हती.

लशीची परीक्षा अशी ठरली. महिन्याची ऐंशी पिल्लं घ्यायची. चाळीस उजव्या खुराड्यात, चाळीस डाव्या. उजवीकडच्यांच्या डोळ्यांत लशीचा एकेक थेंब घालायचा, डावीकडच्यांच्या डोळ्यांत साध्या पाण्याचा. तीन आठवडे थांबायचं. मग दोन्ही खुराड्यांत मानमोडी झालेली एकेक कोंबडी सोडायची आणि काय होतं ते पाहायचं.

थेंब घालून झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोजराबाई, बाटलीत उरलेली लस खड्ड्यात ओतून टाका." एवढं सांगून त्या तालुक्याला गेल्या.

गोजराबाई बाटली घेऊन निघाली. वाटेत डावं खुराडं लागलं. चाळीस पिल्लं जाळीला चिकटून तिच्याकडे पाहत होती. तिला वाटलं, दाणे आणले असतील या आशेनं बघताहेत बिचारी. आणि आपण यांच्या डोळ्यांत पाणी घातलं. तिचा जीव तुटला.

"ह्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय?" ती स्वतःशीच म्हणाली. "त्यांना आवशीद, आन् ह्यांना पानी?"

ती आत शिरली. एकेक पिल्लू धरून तिनं चाळिसांच्याही डोळ्यांत लशीचा थेंब घातला. बाटलीतली लस सगळ्यांना पुरली. रिकामी बाटली तिनं खड्ड्यात टाकली. ती कुणाशी खोटं बोलली नाही, कारण तिला कुणी काही विचारलंच नाही.

तीन आठवडे गेले. पिल्लांच्या तलंगा, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरण्या कोंबड्या, झाल्या. शेजारच्या गावात मानमोडी आली होती, तिथून दोन आजारी कोंबड्या आणून एक उजवीकडे सोडली, एक डावीकडे. दोन्ही आजारी कोंबड्या माना टाकून मेल्या. पण बाकीच्या ऐंशी चांगल्या टुणटुणीत राहिल्या. पंधरा दिवस झाले तरी एकीनंही पंख पाडला नाही. गोजराबाईला इतका आनंद झाला की तिनं घरून शिरा करून आणला आणि डॉक्टरीणबाईंच्या पुढे ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी शिऱ्याला हात लावला नाही. त्या डाव्या खुराड्याकडे बघत बसल्या होत्या.

"गोजराबाई, या मेल्या कशा नाहीत?"

"न्हाई मेल्या तर बरंच झालं की, बाई."

डॉक्टरीणबाई जाळीजवळ जाऊन एकेक तलंग निरखू लागल्या. रक्त तपासून कारण शोधावं तर तशी सोय त्या केंद्रात नव्हती.

आठवड्यानं शहरातून तीन साहेब तपासणीला आले. त्यांनी दोन्ही खुराडी पाहिली. मग मोठे साहेब म्हणाले, "लस दिलेल्या जगल्या. न दिलेल्याही जगल्या. मग लशीनं केलं काय?"

डॉक्टरीणबाई पुन्हा डाव्या खुराड्याकडे पाहू लागल्या.

"सात वर्षं झाली," साहेब म्हणाले. "आता हे काम बंद करा. महिनाअखेर केंद्राला कुलूप लावू."

साहेब गेले. डॉक्टरीणबाई बाटल्या खोक्यात भरायला लागल्या. गोजराबाई केरसुणी हातात धरून दारात उभी होती. साहेबांचं बोलणं तिनं ऐकलं होतं, पण तिला अजून खरं वाटत नव्हतं.

"बाई, ही लस आता डोंगरावर जायची न्हाई?"

"डोंगरावरच काय, कुठेच जायची नाही. जिचा उपयोग दाखवता आला नाही, ती लोकांच्या कोंबड्यांना कोणत्या तोंडानं द्यायची?"

आपण काय करून बसलो हे गोजराबाईला त्या क्षणी कळलं. आपण चाळीस कोंबड्यांवर दया केली, आणि त्यापायी पिंपळधारच्या, आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांच्या कोंबड्या वाऱ्यावर सोडल्या.

तरी ती दोन दिवस गप्प राहिली. काम जाईल ही भीती होतीच. पण तिला घोर लागला होता तो वेगळाच. खरं सांगितलं, तर ही परीक्षा पुन्हा घ्यावी लागणार होती. पुन्हा चाळीस पिल्लांच्या डोळ्यांत पाणी घालायचं आणि या वेळी ती मरताना पाहायची. नाही सांगितलं, तर यातलं काहीच करावं लागणार नव्हतं. फक्त आणखी एक उन्हाळा येणार होता, आणि डोंगरावर कुणीतरी खड्डा खणून बोरीचे काटे आणणार होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरीणबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बाई, तुमची लस खोटी न्हाई. खोटी मी हाय." आणि तिनं घडलं ते सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई उठून बाहेर गेल्या. तासभर त्या आंब्याखाली एकट्याच उभ्या होत्या. सात वर्षांची मेहनत एका दुपारी मातीत गेली होती, राग कुणालाही आला असता. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज साधा होता.

"लशीत तोच रोग असतो, गोजराबाई, पण दात पाडलेला. तो अंगात गेला की शरीर त्याला ओळखून ठेवतं. मग दात असलेला खरा रोग आला, तरी शरीर त्याला दारातूनच हाकलतं. पण हे लशीमुळेच झालं, हे कसं कळणार? ज्यांना लस दिली नाही, त्या आजारी पडल्या तरच कळणार. म्हणून डाव्या खुराड्यात पाणी."

"मग हे आदी का न्हाई सांगितलंत?"

डॉक्टरीणबाई तिच्यासमोर बसल्या. "चूक झाली. मी तुम्हांला काय करायचं तेवढं सांगत गेले. का करायचं, ते कधी सांगितलंच नाही." मग त्या म्हणाल्या, "आता परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल. आणि या वेळी..."

"ठावं हाय मला," गोजराबाई म्हणाली. "त्येच्यापायीच दोन दीस तोंड उघडलं न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी शहरात कळवलं. मोठे साहेब जीपमधून उतरले तेच तणतणत. "आधी या बाईला कामावरून काढा. मग पुढचं बोलू."

"साहेब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांगितलेलं ऐकणारी माणसं मला पुष्कळ मिळतील. कुणी विचारलेलं नसताना आपली चूक येऊन सांगणारं माणूस मी कुठून आणू? संशोधनाला तेच माणूस लागतं."

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि आणखी एकदाच परीक्षा घ्यायला परवानगी दिली.

या वेळी डॉक्टरीणबाईंनी रीत बदलली. शहरातून दोन बाटल्या आल्या. एकीवर एकचा आकडा होता, दुसरीवर दोनचा. लस कुठल्या बाटलीत आणि पाणी कुठल्या, हे एका बंद पाकिटात लिहिलेलं होतं आणि पाकीट साहेबांकडे होतं.

"यातलं काय कशात आहे, मलाही माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमची माया दोन्हीकडे सारखी राहील आणि माझी आशाही."

आधीच्या तलंगा बाजूला काढून दोन्ही खुराड्यांत नवी चाळीस-चाळीस पिल्लं ठेवली. एक नंबरचे थेंब उजवीकडच्या पिल्लांना घातले, दोन नंबरचे डावीकडच्यांना. दोन्ही बाटल्यांत थोडं थोडं उरलं होतं. पुढे कुणाला तपासावंसं वाटलं तर असावं म्हणून ते कपाटात ठेवलं. कपाटाला कुलूप लावून डॉक्टरीणबाईंनी चावी गोजराबाईच्या हातावर ठेवली.

"माझ्यापाशी?" गोजराबाईला विश्वास बसेना.

"तुमच्यापाशीच."

तीन आठवडे ती चावी गोजराबाईच्या कमरेला होती. सगळ्याच पिल्लांना दोन्ही बाटल्यांतला एकेक थेंब घातला असता, तरी कुणाला पत्ता लागला नसता. या खेपेला पिल्लांना नावं ठेवायची नाहीत असं तिनं ठरवलं होतं. चौथ्या दिवशीच तिनं सगळ्यांना नावं ठेवली. पण कपाट तिनं उघडलं नाही.

मग दोन आजारी कोंबड्या आणून सोडल्या. पाचव्या दिवशी डाव्या खुराड्यातली कवडी नावाची ठिपक्यांची तलंग पंख पाडून बसली. दुसऱ्या दिवशी तिची मान वाकडी झाली. मग एकामागून एक सुरू झालं. उजव्या खुराड्यात मात्र दाण्यांवरून नेहमीची भांडणं चालली होती.

पाकीट उघडायच्या आधीच गोजराबाईला कळलं की दोन नंबरच्या बाटलीत पाणी होतं. ती डाव्या खुराड्यात बसून राहिली. कोंबड्यांच्या चोची पुसल्या, उभं राहता येत नव्हतं त्यांना वाटीनं पाणी पाजलं. याला कुणाची मनाई नव्हती. ती रडत होती आणि काम करत होती. डॉक्टरीणबाईही पदर खोचून तिच्या शेजारी येऊन बसल्या. ते दिवस दोघींनाही फार जड गेले.

दहा दिवसांत डावीकडच्या चाळीसपैकी अडतीस मेल्या. उजवीकडची एक मेली, एकोणचाळीस जगल्या. साहेबांनी पाकीट उघडलं, आतला कागद वाचला आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. या वेळी लशीनं काय केलं, हे त्यांनी विचारलं नाही.

मेलेल्या कोंबड्या गोजराबाईनं स्वतः पुरल्या आणि वर बोरीचे काटे टाकले.

पुढच्या उन्हाळ्याआधी लस डोंगरावर निघाली. पिंपळधारची वाट धरली गोजराबाईनंच. बर्फ नव्हता, बर्फाचा डबा नव्हता. कापडी पिशवीत बाटल्या घेऊन ती दीड दिवस उन्हातून चालत गेली. माहेरच्या अंगणात वाडीतल्या सगळ्या बाया आपापल्या कोंबड्या काखेत मारून जमल्या. सगळ्यांत पुढे तिची भावजय तुळसा होती. तिनं कोंबडी एका हातानं कशीबशी धरली होती आणि दुसऱ्या हातानं ती घाम पुसत होती.

"वन्सं," तुळसा हसत म्हणाली, "येवढ्याशा थेंबानं काय व्हतंय वो?"

"नीट धर तिला. दोनी हातांनी," गोजराबाई म्हणाली. "थेंब सांडायचा न्हाई. ह्येच्यापायी अडतीस कोंबड्या मेल्यात माझ्या हातात."

तुळसाचं हसू थांबलं. तिनं कोंबडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. गोजराबाईनं कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब घातला आणि पुढच्या कोंबडीकडे वळली.

तात्पर्य: दया चांगलीच, पण दयेपोटी खरं झाकून ठेवलं, तर वाचवलेल्या चार जिवांपायी हजारोंचं नुकसान होतं. चूक झाली तर ती वेळेवर सांगावी, मग सांगण्याची किंमत कितीही जड असो. सांगितलेली चूकच सुधारता येते.