मऊ बर्फाचं माप

एकदा एक स्वयंपाकीण घसा कोरडा होईतो सांगत होती की फळ्या आखूड आहेत, आणि तिचं कुणी खरं मानलं नाही. ती स्वयंपाकीण मी. चार इयत्ता शिकलेली बाई बर्फाबद्दल काय बोलणार, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तोंडावरचं वाचायला चार इयत्ता पुरतात.

हिमालयातल्या एका खोऱ्यात आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी छोटा दवाखाना काढला होता. भाकरी खाल्ल्याशिवाय त्यांचं पोट भरत नसे, म्हणून मला इगतपुरीहून तिथे नेलं. दवाखान्यात एक नर्स होती, तीही आपल्याकडचीच, तेवीस वर्षांची. हिवाळ्यात रस्ता बंद झाला की वरच्या वाडीला औषधं घेऊन तीच जायची, पायांत स्की बांधून. स्की म्हणजे बर्फावर चालायच्या लांब फळ्या, टोकाला वर वळलेल्या. ती विद्या तिला गावातल्या एका वृद्धाने शिकवली होती. चाळीस हिवाळे त्यांनी त्याच फळ्यांवरून डाक पोचवलेली. त्यांना सगळे बाबा म्हणत. त्यांची हिंदी मोडकी, माझी त्याहून मोडकी. म्हणून आमचं बोलणं इथे मराठीतच लिहिते.

बाबा आता फळ्या घडवून विकत, त्या दुकानाची एक रीत होती. मोडलेली फळी ते जाळत नसत. भिंतीला टांगत आणि तिच्यावर कोळशाने एक नाव लिहीत. ज्याच्या पायात मोडली त्याचं नाव नव्हे, ज्याच्यामुळे मोडली त्याचं. एका फळीवर त्यांच्या सख्ख्या भावाचं नाव होतं. दोन फळ्यांवर त्यांचं स्वतःचं. शिकायला आलेल्याने आधी ती भिंत वाचायची, मग पायात फळी घालायची.

त्या वर्षी पौषात वरच्या वाडीत एक बाई बाळंत झाली. आठव्या महिन्याचं मूल, मांजराच्या पिलाएवढं. नर्स दर तिसऱ्या दिवशी वर जाऊन त्याला काट्याच्या झोळीत घालून तोलायची आणि औषध द्यायची. डॉक्टर म्हणाले होते, महिनाभर हे चालू राहिलं पाहिजे, खंड पडला तर मूल हाती लागणार नाही. आणि दुसऱ्याच खेपेला या नर्स पोरीची एक फळी मधोमध मोडली. दोन हिवाळे चाललेली, चांगली चिवट फळी. मोडकी फळी बाबांनी भिंतीला टांगली, पण नाव लिहिलं नाही. म्हणाले, "कारण अजून समजलं नाही."

त्यांनी नवी जोडी निवडून दिली. पोरीला उभी केली, फळी शेजारी धरली. फळी तिच्या डोक्याच्या वर चार बोटं भरली. मग तिचं वजन विचारलं, औषधांच्या पिशवीचं विचारलं. पोरगी म्हणाली, दहा किलो. बाबांनी मान हलवली.

तिसऱ्या खेपेला ती निघाली तेव्हा मी खिडकीतून पाहत होते. नवा बर्फ पडलेला, पिठासारखा भुसभुशीत. पोरगी घोट्याच्या वर रुतत होती आणि फळ्यांची टोकं आत घुसत होती. मी भातखाचरात वाढलेली बाई. चिखलात पाय रुततो आणि रुंद फळी टाकली की तरतो, हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही. मी तडक डॉक्टरांकडे गेले.

"डॉक्टर, फळ्या आखूड आहेत."

"मावशी, तुम्ही कधी घातल्यात का पायात?"

"मी चप्पल शिवत नाही, पण चावते ती मला कळते."

ते हसले. "बाबांनी मापून दिल्यात. तुम्ही भाकरीचं माप बघा."

पोरीला विचारलं तर ती खाली बघून म्हणाली, "नाही हो मावशी, माझाच पाय अजून बसलेला नाही." बाबांना विचारलं तर म्हणाले, "फळी बरोबर आहे." तेव्हा मी दुकानात चार माणसं शेकत बसली होती त्यांच्यादेखत म्हणाले, "बाबा, वय झालं तुमचं. या खेपेला भिंतीवर स्वतःचं नाव लिहा."

बाबा रागावले नाहीत. "दोष माझा निघाला तर लिहीन," एवढंच म्हणाले. चारांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "हिची आमटी तिखट का असते ते आज कळलं."

चौथ्या खेपेला पोरगी पोचलीच नाही. अर्ध्या चढावर कमरेपर्यंत रुतली. तासभर धडपडून फळ्या मोकळ्या केल्या आणि दिवस असेतो कशीबशी परत आली. ओठ निळे, एक हातमोजा हरवलेला. मी तिचे पाय पोटाशी धरून शेकले. ती दातांवर दात आपटत एकच म्हणत होती, "बाळाचं औषध राहिलं, मावशी."

सकाळी मी तिला हाताला धरून बाबांच्या दुकानात उभी केली. डॉक्टरही मागून आले. शेकणारे ते चौघे तिथे होतेच. त्यांचं हसू आता गेलेलं होतं.

"बघा," मी म्हणाले, "हिला मारायची का आता?"

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिला दाराच्या चौकटीशी पाठ लावून उभी केली आणि डोक्याच्या वर कोळशाने रेघ ओढली. म्हणाले, "कालची पिशवी आण. जशी होती तशीच. उघडू नकोस."

पिशवी आली. ती पाठीवर घेऊन पुन्हा चौकटीशी उभं राहायला सांगितलं. दुसरी रेघ ओढली. पहिलीपेक्षा दोन बोटं खाली.

बाबा माझ्याकडे वळले. "बाई, ओझं घेतल्यावर पोरगी ठेंगणी झाली. मग उंचीप्रमाणे तिला आणखी आखूड फळी देऊ का?"

मला वाटलं, म्हातारा खरंच चळला. मी म्हणाले, "बाबा, इथे मूल मरतंय, आणि तुम्ही दार रंगवताय."

बाबांनी दोन्ही रेघांमध्ये बोटं ठेवली. "चाळीस हिवाळे माणसं अशी मोजली. दहा किलोला माणूस एक बोट वाकतो. ही दोन बोटं वाकली." आणि पोरीला म्हणाले, "बाळाला तोलायचा काटा कुठे आहे?"

पोरीने तो खिशातून काढून दिला. काटा आढ्याच्या कडीला अडकवला, त्याला पिशवी लावली. डॉक्टर पुढे वाकले. "सतरा," ते म्हणाले. पुन्हा वाकून पाहिलं. "सतराच."

बाबांनी पिशवी उघडली आणि एकेक वस्तू ठोकळ्यावर मांडली. औषधं, दुपटी, पोरीची पाण्याची बाटली. मग डिंकाच्या लाडवांचा डबा. आळिवाच्या लाडवांचा डबा. चिनी मातीची तुपाची बरणी, फडक्यात बांधलेली. गुळाची अख्खी ढेप. आणि तळाशी, माझ्याच खलबत्त्यातला लोखंडी बत्ता.

बाबांनी बत्ता उचलून पाहिला. "हे औषध कसं देतात?"

"बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवतात," मी म्हणाले. "वाईट नजर लागत नाही."

"खिळा चालला नसता?"

चौघांपैकी कुणीतरी खोकला. डॉक्टर छताकडे बघू लागले.

"बाळंतिणीकडे रित्या हाताने जायचं नसतं," मी म्हणाले. "पहिल्या खेपेपासून घालतेय. खायच्या वस्तूला कसलं आलंय वजन?"

बाबा पोरीकडे वळले. "तुला ठाऊक होतं. तू मला दहा सांगितलेस."

पोरगी रडवेली झाली. "मावशी पहाटे उठून करतात सगळं. त्यांचं मन कसं मोडू?"

"मन मोडलं नाहीस. फळी मोडलीस."

मग ते खाली बसले, आम्हालाही बसायला सांगितलं आणि शांतपणे बोलले. ते शब्द मी विसरलेली नाही.

"दाबून कडक झालेला बर्फ माणसाला धरून ठेवतो. तिथे फळी हनुवटीएवढी असली तरी भागतं, वळायलाही सोपी जाते. मऊ बर्फ कुणाला धरत नाही. तिथे जे धरायचं ते फळीने. म्हणून मऊ बर्फावर उंचीपुरतं माप घेणारा फसतो. आधी भार विचारावा. मी विचारला, मला खोटा सांगितला गेला. फळी देणाऱ्याला असं फसवता येतं, वैद्याला फसवता येतं, स्वतःलाही फसवता येतं. बर्फाला येत नाही. माया असो की दगड, पाठीवर जेवढं आहे तेवढं तो तोलतो. बाई, फळी आखूड आहे हे तू खरंच बोललीस. पण ती माझ्या हातून निघाली तेव्हा पुरेशी होती. तुझ्या स्वयंपाकघरात ती आखूड झाली."

मी लाडवांचे डबे उचलायला गेले. "राहू दे. हे नाही जाणार आता."

बाबांनी माझा हात अडवला. "भार सांगायला लागतो, टाकायला नाही. बाळंतिणीला औषधही हवं आणि हेही. अंगावर दूध आलं तर मूल जगेल. फक्त जे न्यायचं ते आधी सांगून न्यावं."

त्यांनी आढ्यावरून एक जुनी जोडी काढली. त्यांची स्वतःची, डाकेच्या दिवसांतली. पोरीच्या डोक्यावर चांगली एक वीत लांब, पुढून पंजाएवढी रुंद. डॉक्टरांना आता हुरूप आला. म्हणाले, "मग याहूनही लांब का नको?"

"वाटेत देवदारांचं रान आहे," बाबा म्हणाले. "फार लांब फळी झाडाला आडवी येते. तरंगण्यापुरती लांब, वळण्यापुरती आखूड. हिलाही वळण रुंद घ्यावं लागेल. पोरी, घाई करू नकोस."

तासभर त्यांनी पोरीला दुकानासमोर वळवून वळवून चालवलं. मग पिशवी पुन्हा भरली, काट्याला लावून. लाडू आत गेले, तूप पत्र्याच्या डब्यात गेलं, गूळ अर्धा. बत्ता माझ्या हातात परत आला आणि त्याच्या जागी बाबांनी एक लोखंडी खिळा कागदात गुंडाळून दिला. काटा तेरावर थांबला.

मी खिडकीशी उभी राहिले. डाळ करपली, तरी हलले नाही. पोरगी पहिल्या उतारावर गेली, दुसऱ्या चढाला लागली. घोटा दिसत होता. फळ्यांची टोकं बर्फावर होती, आत नव्हती. मग ती देवदारांत शिरली आणि दिसेनाशी झाली. त्यानंतर मी काय केलं मला आठवत नाही. कणीक दोनदा मळली एवढं डॉक्टर सांगतात.

चार वाजता ती उतरताना दिसली. रुंद, संथ वळणं घेत, जणू बाबाच पंचवीस वर्षांनी लहान होऊन येत होते. दारात येऊन तिने फळ्या सोडल्या आणि भिंतीला टेकून हसली.

"वजन वाढलंय, मावशी. बाळाचं. नव्वद ग्रॅम."

मी तिला जवळ घेतलं आणि मग मला रडू आलं. एवढे दिवस छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं.

"बाळंतीण म्हणाली, लाडू पाठवणाऱ्या बाईला सांग, अजून पाठव."

"किती पाठवू?"

"आधी बाबांना विचारा."

डॉक्टर स्वतःहून स्वयंपाकघरात आले. "मावशी, फळ्या आखूड होत्या. तुमचं बरोबर होतं." एरवी हे वाक्य मी गावभर मिरवलं असतं. त्या दिवशी मी म्हणाले, "बसा, दुसरी डाळ केलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या दुकानात गेले. हातात लाडवांचा छोटा डबा होता. बाबांनी तो तळहातावर तोलला, हसले आणि ठेवून घेतला. भिंतीवर ती मोडकी फळी अजून कोरीच होती.

"बाबा, या भिंतीवर तुमचं नाव लिहा म्हणाले होते मी. चार माणसांदेखत."

"हो."

"आज दुकानात कुणी नाही. बोलावू का त्या चौघांना?"

"नको. भिंत सगळे वाचतात." त्यांनी चुलीतला विझलेला कोळसा उचलला. मग थांबून मला विचारलं, "बाई, दोन वर्षं तुझ्या हातचं खातोय. तुझं नाव काय?"

मी सांगितलं. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर नीट काढून लिहिलं. पुढच्या हिवाळ्यात जो कुणी शिकायला येईल, तो आधी ते वाचेल आणि मग खरं वजन सांगेल. मीही वाचलं. चार इयत्ता शिकल्याचं त्या दिवशी सार्थक झालं.

अनसूया.