यसूआत्याचा भोपळा

"...पण आधार काढायचा नेमका कधी? तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, की शिकणाऱ्याची भीती गेल्यावर?"

यसूआत्या विहिरीच्या पायरीवर बसून टाच घासत होती. तिने दगड बाजूला ठेवला.

"तुमास्नी पवता येतं का, म्याडम?"

"माझा विषय पोहणं नाही. पोहायला शिकणं हा आहे."

"आसं व्हय..." आत्या म्हणाली आणि दुसरी टाच घासायला घेतली.

चारुलता सबनीस शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकवत होती. आठशे मीटरचं विद्यापीठाचं पदक, विश्रांतीची नाडी अठ्ठावन्न, आणि चारशे पानांचा प्रबंध: शरीराचं कौशल्य शिकवताना आधार कसा द्यावा आणि कसा काढावा. शेवटचं प्रकरण तेवढं अडलं होतं. तासगावाकडच्या एका गावात सत्तरीची एक बाई आहे, निम्म्या गावाला तिने पोहायला शिकवलंय, असं कुणीतरी सांगितलं. म्हणून ही बारा दिवसांची रजा काढून आली. सोबत स्टॉपवॉच, प्रश्नावली, संमतीपत्र. आल्या आल्या आत्याचा अंगठा घेऊनही झाला.

एक गोष्ट मात्र तिने कुणालाच सांगितली नव्हती, मार्गदर्शकांनाही नाही. नवव्या वर्षी मामेभावाने तिला विहिरीत ढकललं होतं, आणि तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं की तिचे हातपाय गळत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

"समजलं," ती जरा चिडून म्हणाली. "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हेच तुमचं शास्त्र."

"पडल्याव बुडत्यात बी." आत्या उठली. "उतरा. पायरीपायरीनं."

आत्याची पद्धत साधी होती. शिकणारीने छातीएवढ्या पाण्यात उभं राहायचं. मग आत्या मागून येऊन पाठीला वाळका भोपळा बांधायची आणि शेजारून पोहत राहायची. बाहेर येण्याआधी, पाण्यातच, तो सोडून घ्यायची. भोपळ्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा तिचा दंडक होता.

चारुलताने वहीत लिहिलं: 'स्थानिक श्रद्धा.'

बाकी सगळं तिने मोजलं. उतरण्यापूर्वीची स्वतःची नाडी पहिल्या दिवशी एकशे बत्तीस, अकराव्या दिवशी नव्वद. एका दमातले हात किती, कोणत्या दिवशी रडू आलं, कोणत्या दिवशी नाही. शेवटच्या रकान्यात, 'आधार' या शब्दाखाली, अकरा वेळा एकच नोंद होती. भोपळा, एक. भोपळा, एक.

बारावा दिवस उजाडला. संध्याकाळची एसटी होती.

"सोडू का भोपळा?" आत्याने विचारलं.

चारुलता छातीएवढ्या पाण्यात उभी होती. आधार लांबला तर शिकणारा पांगळा होतो, असं जिने तीनशेविसाव्या पानावर ठासून लिहिलं होतं, तीच ही बाई.

"नको."

आत्याने गाठीला हात घातला.

"आत्या, नको ना. बुडेन मी." तिचा आवाज नऊ वर्षांच्या पोरीचा झाला होता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आत्या हसली नाही. "बरं, ऱ्हाऊ दे. पल्याडच्या भिंतीला हात लावून ये."

मध्ये चार पुरुष खोल पाणी होतं. आजवर ती कडेकडेनेच फिरली होती. तिने डोळे मिटले, उघडले, आणि हात मारला. मधोमध आल्यावर खाली काळंशार दिसलं, तरी हात थांबले नाहीत. बोटांना शेवाळलेला दगड लागला. ती वळली आणि परत आली.

धुणं धुणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"माझं कसलं कौतुक," ती धापा टाकत म्हणाली. "भोपळ्याच्या जिवावर गेले."

आत्याने पाण्यातच भोपळा सोडला. पण आज तो बाजूला नेला नाही.

"उचल."

चारुलताने एका हाताने उचलला. पाण्याबाहेर येताच हात खाली गेला. दोन्ही हात लावले, तेव्हा कुठे तो पायरीवर आला. भरल्या कळशीसारखा जड!

आत्याने देठाजवळचा कापडाचा बोळा काढला. भोपळा कलंडला आणि भळभळा पाणी वाहू लागलं. बराच वेळ वाहत राहिलं.

"हे... हे कधीपासून?"

"दुसऱ्या दिसापासनं. रोज एक तांब्या."

"आणि भरला कधी?"

"परवा."

चारुलताने बोटांवर दिवस मोजले. मग तिच्यातली प्राध्यापिका एकदम जागी झाली.

"माझी संमती न घेता?"

"मगाशी इचारलं की. तू न्हाई म्हनलीस."

चारुलताला आधी रडू आलं, मग हसू आलं, मग दोन्ही एकदमच. ती पाच पायऱ्या वर चढली. कुणी ढकललं नव्हतं. तिने नाक दाबलं आणि स्वतःहून उडी मारली.

धप्प झालं. बायका उठून उभ्या राहिल्या.

ती वर आली ती ओरडतच. "आत्या! आत्या, बघा!" मोकळ्या पाठीने ती समोरच्या भिंतीला गेली, परत आली, पुन्हा गेली. सदतीस वर्षांची बाई अख्खी विहीर ढवळून काढत होती. स्टॉपवॉच पायरीवर पडून होतं, आणि ते चालू करायची आठवण कुणालाच राहिली नव्हती.

शेवटी दमून ती आत्याच्या पायांशी येऊन बसली. ओठ निळे पडले होते, डोळे लाल झाले होते, आणि चेहऱ्यावरचा आनंद मावत नव्हता. इतकी खूश ती पदक घेतानाही नव्हती.

"आता तरी सांगा. शेवटच्या प्रकरणात काय लिहू? आधार काढायचा कधी?"

आत्याने रिकामा भोपळा तिच्या मांडीवर ठेवला.

"रजा वाढीव दोन दिस. ह्यो उनात ठेव, वाळू दे. उद्या सुताराची नवी सून यायची हाय, लई भित्री हाय... तिला तू बांध, पोरी."