आत उघडणारं दार

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात त्र्यंबक नावाचा सुतार राहायचा. दारं करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. दार नेहमी आत उघडावं, म्हणजे आलेल्या पाहुण्याला धक्का न लागता घरात येता येतं, हा त्याच्या वडिलांपासून चालत आलेला नेम. माणसांच्या घरांसाठी तो नेम अगदी बरोबर होता.

गावाबाहेरच्या माळावर ठकूबाई धनगरीण राहायची. नवरा गेल्यापासून मेंढरं हाच तिचा संसार. दगडी भिंतीच्या मेंढवाड्याला तिनं काटेरी फांद्यांचा झापा लावला होता. एकदा लांडग्यानं तो सारून कोकरू उचललं, तेव्हा ती त्र्यंबककडे गेली.

"मिस्तरी, भक्कम दार पायजे. पर करायच्या आदी माळावर या. मेंढरं कशी आत-भाईर करत्यात ते बगा."

त्र्यंबक हसला. "अहो ठकूबाई, देवळाचं असो नाहीतर मेंढवाड्याचं, दार ते दारच. मेंढरं बघून मला काय करायचंय?"

त्यानं सागवानी दार केलं. त्यावर वेलबुट्टी कोरली, पोपट कोरले. मेंढवाड्याच्या दारावर पोपट! आणि नेमाप्रमाणे दार बसवलं आत उघडणारं. गाव बघायला लोटलं, वाहवा झाली.

दुसऱ्याच दिवशी अडचण सुरू झाली. कडी वाजली की बाहेर पडायच्या घाईनं सगळी मेंढरं दाराला येऊन भिडायची. दार आत ढकलायला जागाच उरायची नाही. ठकूबाई भिंतीवरून काठीनं त्यांना मागं हाकायची, तेव्हा कुठं फट पडायची. तिनं हे त्र्यंबकला सांगितलं.

"सवय होईल," तो रंधा मारता मारता म्हणाला. मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

आणि ती तशीच माळावर परतली. एवढा नावाजलेला कारागीर, तेव्हा आपलंच काही चुकत असेल, असं त्या बाईला वाटलं! चीड येते ती याचीच. स्वतः चुकायचं आणि समोरच्याला स्वतःबद्दल शंका घ्यायला लावायची, ही कुठली कारागिरी?

चैत्रातल्या एका दुपारी डोंगराला वणवा लागला. वाळलं गवत पेटत पेटत आग माळावर उतरली. उन्हामुळे मेंढरं वाड्यातच विसावली होती. ठकूबाई धावत आली, तिनं कडी काढली, खांदा लावून दार ढकललं. आतून घाबरलेल्या कळपानं दाराला रेटा दिला होता. दार तसूभर हललं नाही. ती ओरडली तशी आजूबाजूची माणसं पहारी घेऊन आली आणि त्यांनी मागची भिंत पाडली. कळप वाचला. दाराशी असलेली कोकरं मात्र रेट्याखाली चिरडून मेली.

आग विझल्यावर त्र्यंबक आला. त्यानं आधी काय पाहिलं असेल? दार! बिजागरीवरून हात फिरवत तो म्हणाला, "दारात काही खोट नाही. बघा, जरासुद्धा कललेलं नाही. तुमची मेंढरंच वेडी, त्याला मी काय करणार?"

मेलेलं कोकरू मांडीवर घेऊन ठकूबाई बसली होती. तिनं वर पाहिलं.

"मेंढरं येडीच असत्यात, मिस्तरी. म्या येड्या मेंढरांसाठीच दार मागितलं हुतं."

त्र्यंबकनं मान खाली घातली, आणि जमलेल्यांपैकी कुणीही त्याची समजूत काढली नाही.

तात्पर्य: ज्याच्यासाठी वस्तू घडवायची, त्याचं जगणं आधी जाऊन पाहावं, न पाहता घडवणाऱ्यानं वापरणाऱ्याला वेडं ठरवू नये.