समोरच्याचं पागोटं

फार जुनी गोष्ट आहे. राजसभेतलं वेळ मोजायचं पाण्यातलं घटकापात्र सकाळी नुकतंच तिसऱ्यांदा बुडालं होतं. बरोबर त्याच वेळी एक वकील बोलायला उभा राहिला आणि तिथून सगळं सुरू झालं.

पण हा वकील कोण, ते आधी सांगायला हवं.

त्या राज्यात न्यायालयाची एक रीत होती. वकिलाने स्वतःचं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं पागोटं आपल्या डोक्यावर घ्यायचं आणि त्याची बाजू त्याच्यासारखी बोलून दाखवायची. समोरचा "हो, हेच माझं म्हणणं" असं म्हणाला, की मगच पागोटं उतरवायचं. ह्या वकिलाचा त्यात हातखंडा होता. अर्धे तंटे तर पागोटं उतरायच्या आतच मिटत. म्हणून लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन राजसभेत पाठवलं. उचलून घेणाऱ्यांत सगळ्यात पुढे एका कुंभारणीचा मुलगा होता.

राजसभेत मात्र पागोट्याची रीत नव्हती.

त्या दिवशी विषय नदीचा होता. वरच्या राज्याने बांध घातला होता आणि इकडे पाणी कमी येत होतं. वकील म्हणाला, "ते आपल्याला तहानेने मारणार. आज लढलो नाही, तर उद्या लढायला अंगात बळ राहणार नाही."

एका म्हाताऱ्या सभासदाने विचारलं, "बांध कशाला घातला, हे त्यांना कुणी विचारलंय का?"

"आजोबा, चोराला कारण विचारत बसायचं नसतं."

सभा हसली. म्हातारा खाली बसला. लढाई ठरली.

वकील भित्रा नव्हता. "मी बोललोय, तर मीच पुढे जातो," म्हणाला आणि तलवार बांधून सेनापती झाला.

पहिल्याच दिवशी बांधाजवळ चाळीस माणसं पडली. त्यात कुंभारणीचा मुलगा होता. वकिलाचा डावा हात कोपरापासून गेला. दुसऱ्या दिवशी उरलेली तीनशे माणसं पुढचा हुकूम ऐकायला त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. त्याच्या मनात आलं, ही सगळी माझ्या एका बोलण्यावर इथे आली आहेत.

जखम बांधून, तलवार मागे ठेवून तो एकटाच बांधावर गेला. समोरून तिकडचा म्हातारा सेनापती आला.

"बाबा, तुमचं पागोटं घटकाभर द्या."

"बांधावर चाल करून झाली, आता पागोटंही हवं का?" म्हातारा म्हणाला. पण दिलं त्याने.

पागोटं मोठं होतं, कानांवर उतरलं. वकील म्हाताऱ्याच्या वतीने बोलू लागला. "मला खालच्यांचं पाणी हवं होतं, म्हणून मी बांध घातला."

"चूक."

"मला त्यांना नमवायचं होतं."

"चूक. पुराने आमची अकरा घरं नेली. माझी सून गेली, नातू गेला. काठ टिकून राहावा म्हणून बांध घातला. तुमचं पाणी तुटलं, हे आम्हाला तुमच्या भाल्यांनी सांगितलं."

वकिलाने पागोटं कानांवरून वर सारलं. मग सावकाश म्हणाला, "पुराने माझी माणसं नेली. आणखी जाऊ नयेत, म्हणून मी बांध घातला."

"हो," म्हातारा म्हणाला. "हेच माझं म्हणणं."

दुपारपर्यंत ठरलं. खाली पाणी सोडायला बांधाला दोन दारं ठेवायची, आणि इकडच्या गवंड्यांनी तिकडचा काठ बांधून द्यायचा. तीनशे माणसं घरी निघाली.

वेशीवर लोक आरत्या घेऊन उभे होते. त्यांत कुंभारीणही होती. ती म्हणाली, "वकीलदादा, तीनशे परत आणलेत, देव तुमचं भलं करो. पण हे पागोटं तुम्ही सभेतच घातलं असतंत, तर माझा मुलगाही आला असता ना?"

 

वकिलाने सेनापतिपद सोडलं आणि राजसभेच्या दारात एक पागोटं टांगलं. तेव्हापासून ते घातल्याशिवाय तिथे कुणाला लढाईचं नाव काढता आलं नाही.

भांडायला उठण्याआधी समोरच्याची बाजू आपल्या तोंडाने बोलून बघावी, कारण गेलेलं माणूस नंतरच्या शहाणपणाने परत येत नाही.

तुम्ही ऐकलीत, आता तुमच्या घरात कुणाचा आवाज चढायच्या आत आणखी एकाला सांगा.