भिवरानं परत दिलेलं पाणी

त्या दिवशी आभाळ चुलीतल्या राखेसारखं होतं. वारा पडला होता. भाद्रपद अर्धा सरला, तरी पोळ्यापासून पावसाचा थेंब नव्हता. ऊन दिसत नव्हतं आणि अंगाची मात्र लाही होत होती. झाडाचं एक पान हलत नव्हतं, बाळांनो. असा दिवस असला की उगाच वाटतं, काहीतरी होणार.

भिवराला सकाळपासून तसंच वाटत होतं. तिचा बाबा, डोमाजी, तापानं फणफणला होता. आई नव्हती. घरात ती आणि बाबा, दोघंच. मडक्यात मूठभर तांदूळ होते, त्यांची तिनं पेज केली. बाबानं एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं.

मासे धरणाऱ्या ढिवरांची ती चिमुकली वस्ती नदीच्या खोऱ्यात होती. वस्ती आणि नदी यांच्या मधे मोठी पाणथळ जागा पसरलेली. तिला सगळे निळथळ म्हणत. निळथळात गुलाबी कमळं होती, पांढरी पोयणी होती, शिंगाड्याची हिरवी वेल होती. जांभळ्या पाणकोंबड्या होत्या, मुठीएवढ्या टिबुकल्या होत्या, आणि काचेच्या पंखांचे चतुर तर किती! नदीपल्याड दवाखाना होता. तिथं जायचं तर डोंग्यात बसून निळथळातल्या पाणवाटेनंच जावं लागे.

डोंगा होता फक्त शेजारच्या सुकरूकाकाकडे. आणि सुकरूकाकाशी बोलणं नव्हतं.

झालं होतं असं. वस्तीची रीत होती, आषाढात पाखरं अंड्यांवर बसली की निळथळात जाळं टाकायचं नाही, नदीत टाकायचं. सुकरूकाकानं यंदा टाकलं. त्यात एक टिबुकली अडकून मेली. बाबानं कोयता घेतला आणि ते जाळं कापून टाकलं. मग कुंपणाच्या अलीकडून आणि पलीकडून, बोलू नये ते सगळं बोलून झालं. बाबानं भिवराला बजावलं होतं, मी मेलो तरी त्याच्या दारी जायचं नाही.

म्हणून भिवरा दारी गेली नाही. केळीच्या खुंटांचा तराफा घेऊन ती कमळकाकड्या काढायला निघाली. हातानं वल्हवत होती, आणि कान घराकडे होते.

मधोमध एका कमळाच्या पानावर कमळपक्षी बसला होता. लांबलांब बोटांचा, तांबूस-सोनेरी पंखांचा. कमळपक्ष्यांत अंडी बाप उबवतो, ठाऊक आहे ना? त्याच्या पोटाखाली तपकिरी, चकचकीत अंडी होती. त्यांवर काळ्या रेघोट्या अशा, जशा कुणी लहान मुलानं काडीनं गिरगटल्या. पण खालचं पान सडलं होतं. एका कडेनं पाणी चढत होतं. पाखरू आपलं चोचीनं अंडी वर ओढत होतं, आणि पुन्हा पाणी येत होतं.

भिवरानं अंड्यांना हात लावला नाही. तिनं एक ताजं, रुंद पान देठासकट वळवून आणलं आणि हलकेच, अगदी हलकेच त्या सडक्या पानाखाली सरकवलं. पाखरू उडालं नाही. अंडी वर आली.

तेवढ्यात शेजारचं कमळ उमललं आणि त्यात एक इवलीशी परी बसलेली. तिचे पंख चतुराचे, झगा पाण्याच्या निळ्या रंगाचा, केसांत दवाचे मणी लुकलुकत होते. अंगाला मात्र ओल्या चिखलाचा वास येत होता, चांगला, ओळखीचा.

काय हवं ते माग, असं परी तिला म्हणाली. पण आधी नियम सांगितले. ती म्हणाली, "माझ्याकडे वेगळा खजिना नाही, भिवरा. मी देते ते या पाण्यातून देते. तू मागशील तेवढं पाणी उतरेल. आणि जे माणूस माणसाला देऊ शकतं, ते माझ्याकडून घेतलंस तर टिकायचं नाही."

भिवरानं ऐकलं, पण धड ऐकलं नाही. बाबाचं तोंड डोळ्यांपुढे होतं. तिनं पाण्यात हात घातला. "माह्या बाबाचा ताप उतरू दे."

घरी आली तर बाबा उठून बसलेला! सगळी पेज प्यायला. भिवराला हसूही आलं आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप परत आला. भिवरा धावली, पुन्हा मागितलं. ताप गेला, आणि पुन्हा आला. ती पुन्हा धावली. असं होत राहिलं. दर खेपेला निळथळ आक्रसत होतं. काठाला काळा चिखल उघडा पडला, तो तडकला. बेडकं गप्प झाली. परीचा झगा फिकट होत होता. ती तक्रार करत नव्हती, आणि त्यामुळेच भिवराला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मग एका सकाळी भिवराला चिखलात कोल्ह्याची पावलं दिसली. ती पावलं थेट कमळपक्ष्याच्या पानाच्या दिशेनं गेली होती. पानाभोवती अजून जेमतेम पाणी होतं, म्हणूनच कोल्हा अलीकडे थांबला होता. पाखरू अंड्यांवर तसंच बसलेलं, मान ताठ, डोळे काठाकडे.

घरात बाबा तापानं बरळत होता. भिवराचा हात पाण्याकडे गेला आणि थबकला. माणूस माणसाला देऊ शकतं ते टिकायचं नाही. आता तिला ते नीट ऐकू आलं. ती वळली आणि कुंपण ओलांडून सुकरूकाकाच्या दारात जाऊन उभी राहिली.

सुकरूकाका जाळं विणत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "काऊन आली व? बापानं धाडलं?"

"नाही. बाबाले माहीत नाही. त्यायले लई ताप आहे, काका. समजलं तर मलेच रागावतील."

सुकरूकाकानं हातातली गाठ मारून पुरी केली. "मंग सांगू नको," म्हणाला आणि वल्हं उचललं.

दोघांनी बाबाला डोंग्यात निजवलं. पण पाणवाटेनं थोडं जातात न जातात तोच डोंगा चिखलात रुतला. सुकरूकाकानं खाली उतरून खांदा लावला, दात-ओठ खाल्ले, डोंगा हलेना. हे पाणी आपणच उतरवलं, हे भिवराला कळत होतं.

कमळाच्या सुकलेल्या पाकळीवर परी बसली होती. आता ती धुक्याच्या रंगाची झाली होती. तिचं बोलणं भिवरालाच ऐकू येत होतं. "एकच मागणं उरलंय. ताप घालवशील तर आजच्यापुरता जाईल. पाणी परत देशील तर पाणी येईल, पण आजवर घालवलेला सगळा तापही एकदम परत येईल. तो मला थांबवता येणार नाही."

भिवरानं बाबाच्या कपाळावर हात ठेवला. मग सुकरूकाकाकडे पाहिलं. चिखलानं माखलेला तो माणूस अजून रेटतच होता.

तिनं दुसरा हात चिखलात खुपसला. "पाण्याचं पाण्याले दे. बाबाले आम्ही नेतो."

बाबाचं अंग निखाऱ्यासारखं तापलं. भिवरानं डोळे मिटून घेतले. आणि चहूकडून खळखळ, झुळझुळ, पाणी आलं! भेगा बुजल्या, पानं तरंगली, डोंगा उचलला गेला. सुकरूकाका उडी मारून आत आला आणि कसं झालं, काय झालं न विचारता वल्हवू लागला.

परी पुन्हा निळी झाली होती, नुसती झगमगत होती. म्हणाली, "मागून नेणारे पुष्कळ आले, परत देणारी तू पहिली. आता तू कधीही ओंजळ भर, हे निळथळ आटणार नाही." एवढं बोलून ती उजेड झाली. निळा, हिरवा, सोनेरी उजेड पाण्यावर पसरला, प्रत्येक थेंबात थोडा थोडा शिरला, आणि परी दिसेनाशी झाली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सुया दिल्या, औषध दिलं. ताप चढलेलाच राहिला. भिवरा उशाशी बसून राहिली, सुकरूकाका दाराशी. मग एका पहाटे बाबाला घाम फुटला. ताप उतरला तो परत आलाच नाही.

परतताना निळथळ काठोकाठ भरलं होतं, शिंगाड्याची वेल फुलांनी पांढरी झाली होती. कमळपक्षी पानापानांवरून चालत होता आणि मागे कापसाच्या बोंडाएवढी पिल्लं, पायांपेक्षा बोटंच मोठी. डोंग्यात बाबा एका टोकाला, सुकरूकाका दुसऱ्या टोकाला. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. काकाले सांग सावलीतून ने, बापाले सांग हलू नको, असं सगळं भिवराच्या तोंडून चाललं होतं.

काठ आला. सुकरूकाकानं बाबाला हात धरून उतरवलं आणि मग पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहून म्हणाला, "डोमाजी, तुह्यासंग भांडण हाये ते हाये. पण उद्या पोरीले माह्या डोंग्यात धाड. कोणत्या पानावर कोणाचं घर हाये ते मले दाखवू दे, म्हणजे मी तिकून वळसा घालीन."