लिस्बन ते हेलसिंकी

"मग लांब किती आहे ते?" स्वामींनी विचारलं.

"लांब कुठलं! साडेतीन हजार किलोमीटरही भरत नाहीत," शार्दूल म्हणाला. "थेट विमान. हिच्या लिस्बनला बसलं की साडेचार तासांत माझं हेलसिंकी."

शाल्मली ओसरीच्या दुसऱ्या टोकाला खांबाशी बसली होती. लग्नाला आठवडा झाला होता. नव्या नवरीने हात हलवला तरी चुड्यामुळे साऱ्या मठाला कळतं, म्हणून तिने हात मांडीत धरून ठेवले होते.

शार्दूल लहानपणी या मठात शिकलेला, स्वामींचा लाडका शिष्य. निदान तो तरी तसं सांगे. येताना गाडीत म्हणाला होता, "स्वामी सांगतील ते दोघांनी ऐकायचं." आणि ती 'हो' म्हणून बसली होती.

"लिस्बनला तुझं काय काम, मुली?"

"जुन्या भिंतींवरच्या फुटक्या फरशा सांधते."

"फरशाच तर आहेत!" शार्दूल हसला. "दोनशे वर्षं फुटक्या पडल्यात, आणखी थोडं थांबतील."

"आणि तुझं काम?"

"माझं असं टाकून निघता येत नाही, स्वामी. हिने आज संध्याकाळी राजीनामा कळवायचाय. तुम्ही फक्त हिला 'जा' म्हणा."

स्वामींनी शाल्मलीकडे पाहिलं.

"साखरपुड्यानंतर मी तिथे तापाने फणफणले होते," शाल्मली हळूच म्हणाली. "याला 'ये' म्हटलं. म्हणाला, एवढ्या लांब कसं येऊ?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती!" शार्दूलचा आवाज चढला. मठात तो कधी चढला नव्हता. "हे इथे काढायची गरज होती?"

तिने मान खाली घातली. पण शब्द मागे घेतले नाहीत.

स्वामी उठले. नव्या जोडप्याचं मठातलं पहिलं जेवण एकाच पानात होई आणि ते स्वामी स्वतः वाढत. त्यांनी भिंतीला टेकवलेले दोन पाट घेतले. एक शार्दूलपुढे ठेवला. दुसरा उचलून ओसरीभर चालत नेला आणि शाल्मलीपुढे ठेवला. दोघं आपापल्या पाटावर बसली.

"स्वामी, चुकताय," शार्दूल म्हणाला. "पाट शेजारी शेजारी हवेत. पान एकच असतं ना?"

"एकच."

स्वामींनी केळीच्या पानावर भात वाढला, वरण घातलं, तूप सोडलं. पान दोन्ही हातांवर तोलत ते ओसरीच्या मध्यावर येऊन उभे राहिले.

"कुठे मांडू?"

"इथे," शार्दूल लगेच म्हणाला. "ती येईल."

पान त्याच्यापुढे आलं.

सवयीने शाल्मलीचा एक गुडघा उचलला गेला. चुडा वाजला… तिने गुडघा पुन्हा टेकला.

"ये ना."

ती हलली नाही.

"शाल्मली, शोभतं का हे? स्वामी उभे आहेत!" तो दात आवळून म्हणाला. "दोन पावलं तर आहेत!"

भातावरचं तूप थिजायला लागलं होतं.

स्वामींनी त्याच्याकडे पाहिलं.

"आणि इथून तिथे किती रे, शार्दूल?"