महाराजांच्या नाकावरचं छत

टेंभुरगडच्या भुजंगराव महाराजांच्या नाकाला छत टेकत होतं आणि त्यापायी धिंड निघणार होती सटवाजी दोरवाल्याची!

टेंभुरगडची रीतच तशी. महाराजांच्या वाढदिवसाच्या पंगतीवर एक लांबलचक दोर ताणून त्यावर मखमली छत टाकायचं. दोराचं एक टोक महाराजांच्या पायाखाली, दुसरं राणीसाहेबांच्या. मधे माणसं बांबूंनी दोर वर उचलून धरत. कधीकाळी कुण्या पणजोबांचं छत वाऱ्यावर उडालं, त्यांनी दोराच्या टोकावर पाय दिला, आणि तेव्हापासून तो पाय म्हणजे घराण्याची अब्रू! पाहुणे छताखाली ऐसपैस बसत. महाराजांच्या तोंडात मात्र जिलबीआधी मखमल जायची.

यंदा महाराज हट्टाला पेटले. पंगतीच्या आदल्या दिवशीच छत ताणायला लावून राणीसाहेबांसह चौकातल्या चौरंगांवर येऊन बसले.

"छत या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट पाहिजे! पुरुषभर उंच! आणि पाय उचला असं जो म्हणेल, त्याला गाढवावर बसवीन!"

दरबारचे हेरंबशास्त्री पुढे सरसावले. "त्यात काय, महाराज! टोकं दाबून दोर झटकला की लाटा उठतात. एकाच फुगवट्याची मोठी लाट घ्यायची. तिच्यात तीन फुगवट्यांची लहान लाट मिळवायची, मग पाच फुगवट्यांची, त्याहून लहान. असं मिळवत गेलं की दोर सपाट होतो. गणित आहे!"

शास्त्रीबुवा उंचीचे आकडे ओरडू लागले आणि बांबूवाले तेवढ्या उंचीवर दोर धरू लागले. आणि खरंच की! मधला डोंगर बसला, दोर पाटासारखा होत गेला. पण महाराजांच्या पुढ्यात एक कुबड उभं राहिलं आणि तिथून छत घसरलं ते थेट नाकावर.

"हे काय?"

"अजून लाटा हव्यात!"

लाटा वाढल्या, बांबू वाढले. कुबड बारीक झालं, पण बुटकं काही होईना. नुसतं महाराजांकडे सरकलं. अजून लाटा! आता बांबूवाल्यांचीच पंगत झाली, उद्याच्या पाहुण्यांना बूड टेकायला जागा उरली नाही, आणि कुबड महाराजांच्या मिशांपर्यंत येऊन पोचलं.

"शास्त्री!"

"गणित बिनचूक आहे, महाराज," शास्त्रीबुवा घाम पुसत म्हणाले. "दोरातच खोट असणार."

झालं! नाचता येईना, अंगण वाकडं. शिपायांनी दोर वळणाऱ्या सटवाजीला धरून आणलं. संध्याकाळी गाढवावर उलटं बसवून धिंड, मग हद्दपारी. गाढव आणून बांधलंसुद्धा.

सटवाजीची पोरगी ठकू बापामागून धावत आली. आईविना वाढलेली, बापाचा जीव की प्राण. गाढव पाहून तिला रडू फुटलं. पण 'दोरात खोट' हे शब्द कानावर पडले आणि रडू गेलं, डोकं तापलं. तो दोर वळताना दुसरं टोक तिनेच तर धरलं होतं! तिने दोरावरून नजर फिरवली. लाटा आल्या, लाटा गेल्या, सगळा दोर हलला. महाराजांच्या पायाखालचं टोक काही हललं नाही.

"म्हाराज, आबाला सोडा. दोर मी सपाट करून दावते."

"अगं कार्टे," शास्त्रीबुवा खेकसले, "माझ्या लाटा संपलेल्या नाहीत अजून!"

"संपू नका देऊ, शास्त्रीबुवा. तुमचं गणित सोन्यासारखं हाय. पर तुमची मोठी लाट टोकाला किती उंच?"

"टोकाला? शून्य. टोक दाबलेलं आहे ना!"

"आन् बारकी?"

"तीही शून्य."

"मग हजार उपाशी एका पंगतीला बसवले, तर कुणाचं पोट भरतं व्हय? टोकाला सगळ्या लाटा उपाशी, आन् म्हाराज बसलेत टोकालाच!"

राणीसाहेबांना पदराआड हसू फुटलं. महाराजांचे डोळे मात्र बारीक झाले. "म्हणजे मी पाय उचलू म्हणतेस? बोल! दुसरं गाढव मागवतो."

सटवाजीने डोळे मिटून घेतले.

"छ्या! पाय कशाला उचलायचा?" ठकू म्हणाली. "घराण्याची अब्रू ती. पाय दोरावरच राहू द्या. आपण म्हाराजांनाच उचलू!"

ती चौकात उभ्या असलेल्या पालखीच्या भोयांकडे वळली.

"भोईदादा, खांदा लावा! म्हाराजांचा चौरंग उचला! तिकडं राणीसाहेबांचाबी!"

"उचला रे बाबांनो," राणीसाहेब म्हणाल्या, "पायाला मुंग्या आल्यात केव्हाच्या!"

भोयांनी दोन्ही चौरंग खांद्यांवर घेतले. महाराजांचा पाय दोरावर, दोर चौरंगावर, चौरंग पुरुषभर उंच! ठकूने बांबूवाल्यांना एकच आकडा सांगितला, सगळ्यांना सारखा. बांबू वर गेले आणि दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट झाला. ना लाट, ना कुबड.

"एकच उचल!" शास्त्रीबुवा पुटपुटले. "टोकं सुटी असती, तर मीही..."

महाराजांनी वरून खाली पाहिलं. छत त्यांच्या पावलांशी पसरलं होतं. "अगं पण पोरी, छत माझ्या पायाशी! मग माझ्या डोक्यावर काय?"

"तुमच्या डोक्यावर छत्र हाय की, म्हाराज! छत लागतं ते आमच्यासारख्यांना."

महाराजांच्या मिशा थरथरल्या आणि ते असे खदाखदा हसले की भोयांचे खांदे हलले, चौरंग हलला आणि सपाट दोरावरून एक लाट राणीसाहेबांपर्यंत जाऊन आली.

"सोडा सटवाजीला! उद्याच्या पंगतीसाठी आजच दोन मचाणं बांधा! आणि पोरी, तुला काय हवं? माग!"

ठकूने बापाचा हात घट्ट धरला. "ते गाढव द्या, म्हाराज. आबा दोर डोक्यावरनं वाहतो."

"दिलं! वर शंभर मोहरा!"

आणि त्या संध्याकाळी टेंभुरगडात ठरल्याप्रमाणे सटवाजी गाढवावर बसूनच गावभर फिरला, फक्त तोंड पुढे करून, आणि पुढे लगाम धरून चालली होती ठकू!